त्रिनिदादची सफर : एक आखणी

— द्वितीय वर्ष, कला शाखेतील एक विद्यार्थिनी

‘सुट्टीत कॅरिबियन बेटावर’ असे म्हटले की डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : निळा समुद्र, वाकलेले माड आणि वाळूत पहुडलेले पाहुणे. या चित्रात कोणी काम करताना दिसत नाही. प्रस्तुत लेखात मी अशाच एका बेटाच्या बारा दिवसांच्या सफरीची आखणी मांडणार आहे. मात्र चित्रातून वगळलेल्या माणसांनाही तीत जागा ठेवणार आहे. वाचक विचारतील, जिच्या घरात आजवर कोणी पासपोर्ट काढला नाही, तिला हा उद्योग कोणी सांगितला? त्याचे उत्तर ओघात येईलच.

मी निवडलेले बेट आहे त्रिनिदाद. कॅरिबियन बेटांच्या माळेचे हे दक्षिण टोक. व्हेनेझुएलाचा किनारा येथून अवघ्या ११ किलोमीटरवर आहे. शेजारच्या लहानग्या टोबॅगोसह हा एक देश. १९६२ साली तो स्वतंत्र झाला व १९७६ मध्ये प्रजासत्ताक बनला. त्याची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आपल्या क्रिकेटप्रेमींना अपरिचित नाही. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला तो तेथील क्वीन्स पार्क ओव्हलवर. दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक काढले आणि सुनील गावसकरांचे कसोटी पदार्पणही त्याच मैदानावर झाले.

आता पहिला प्रश्न : जावे केव्हा? त्रिनिदाद साधारण कोचीच्याच अक्षांशावर असल्याने थंडीचा प्रश्न नाही, प्रश्न पावसाचा. जानेवारी ते मे कोरडा काळ, जूनपासून पावसाळा. जून ते नोव्हेंबर हा कॅरिबियन भागातील चक्रीवादळांचा हंगाम. बेट दक्षिणेला असल्यामुळे वादळे बहुधा उत्तरेकडून निघून जातात, तरी १९६३ च्या ‘फ्लोरा’ वादळाने टोबॅगोची दाणादाण उडवली होती. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणारा कार्निव्हल जगप्रसिद्ध आहे. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून घडवलेले ‘स्टीलपॅन’ हे वाद्य त्यात घुमते. पण त्या दिवसांत गर्दी फार आणि खोल्यांचे दरही चढे. म्हणून मी २० ते ३१ मे हे दिवस धरले. आपल्या परीक्षा तोवर आटोपलेल्या असतात. दुसरेही एक कारण आहे, ते पुढे सांगते.

दुसरा प्रश्न : जावे कसे? मुंबईहून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा टोरोंटोसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. येथे एक मेख आहे. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय प्रवाशाला तेथील व्हिसा लागतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी वाटेतल्या देशाचे नियम पाहावेत आणि त्रिनिदादचे नियम दिल्लीतील त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी मागवावेत. तसेच पिवळ्या तापाची लस घ्यावी. त्रिनिदाद त्या रोगाच्या यादीत असल्याने परत येताना आपलेच सरकार प्रमाणपत्र मागते. नसल्यास विलगीकरणात ठेवते. ही लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच टोचून घ्यावी लागते. आणखी एक सूचना : लष्करी छापाचे कपडे सामानात नकोत. सामान्य नागरिकाने ते घालणे तेथे गुन्हा आहे.

आता दिवसांची वाटणी. पहिले दोन दिवस राजधानीत विश्रांती. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असल्याने झोप जुळायला तेवढे लागतीलच. फिरण्यासाठी ‘मॅक्सी टॅक्सी’ आहे, म्हणजे आपली वडाप. गाडीवरच्या रंगीत पट्ट्यावरून मार्ग ओळखायचा. रात्री मात्र एकटेदुकटे हिंडू नये. वाढत्या गुन्हेगारीमुळे २०२४ च्या डिसेंबरअखेर तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होडीतून कॅरोनीच्या खारफुटीत जावे; लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे तेथे मुक्कामाला परततात. चौथ्या-पाचव्या रात्री ग्रांद रिव्हिएरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी प्रचंड लेदरबॅक कासवे पाहावीत. त्यासाठी परवाना व वाटाड्या लागतो. पुढचे तीन दिवस जहाजाने टोबॅगोस जाऊन बुकू येथील प्रवाळ आणि १७७६ पासून कायद्याने राखलेले मेन रिजचे जंगल पाहावे. नववा दिवस ला ब्रेया येथील डांबराच्या तळ्यासाठी. सुमारे १०० एकरांच्या या तळ्यावरून माणूस चालू शकतो!

दहावा आणि अकरावा दिवस मी मध्य त्रिनिदादसाठी, चागुआनास व वॉटरलूसाठी राखला आहे. अकरावा दिवस म्हणजे ३० मे. १८४५ साली याच तारखेला कलकत्त्याहून निघालेले ‘फातेल रझाक’ जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर घेऊन येथे पोचले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे अशी नेण्यात आली. ती प्रामुख्याने आजच्या बिहार व उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची होती. त्यांच्यावर पाच वर्षांच्या कराराचे बंधन असे. परवान्यावाचून मळा सोडणे हा गुन्हा ठरे. आज देशातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत आणि ३० मे ही सार्वजनिक सुट्टी आहे. रस्त्यावर मिळणारे ‘डबल्स’, म्हणजे दोन मऊ बाऱ्यांमधले मसालेदार चणे, हा त्याच माणसांच्या स्वयंपाकाचा वारसा. वॉटरलूला समुद्रात एक देऊळ आहे. सिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुराने आधी साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. ते पाडले गेले व त्याला तुरुंगात जावे लागले. मग त्याने समुद्रात भराव टाकून पुन्हा बांधायला घेतले, कारण समुद्र कोणाच्या मालकीचा नव्हता.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर. माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर ते कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. आमच्या घरी सुट्टीला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. इतिहासाच्या तासाला त्रिनिदादच्या करारमजुरांविषयी ऐकले तेव्हा मला ती गोष्ट परक्या मुलखाची वाटली नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. हंगाम संपल्यावर आमचे लोक घरी परततात, त्यांच्यामध्ये तर सातासमुद्रांचे अंतर होते. पण आधी हातात पैसा, मग अंगावर बंधन, ही रीत माझ्या ओळखीची आहे.

म्हणून मी ही आखणी केली. सहल आखणे हा केवळ पैसेवाल्यांचा छंद नव्हे. नकाशा, ऋतुमान, कायदा, इतिहास आणि हिशेब अशा पाच विषयांचा तो एकत्र अभ्यास आहे आणि ग्रंथालयात बसून तो कोणालाही करता येतो. माझ्या वहीत प्रत्येक खर्चापुढे तीन माणसांचा आकडा आहे, माझा व आईवडिलांचा. तो आकडा आज आमच्या आवाक्यात नाही; नोकरी लागल्यावर किती वर्षे साठवावे लागेल तेही मी मांडून ठेवले आहे. त्रिनिदादची सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडला गेला, त्या रानात आता कोयता चालत नाही. निळ्या समुद्रापेक्षा ती राने पाहायला माझ्या आईला अधिक आवडेल, असे मला वाटते.