जठराच्या अस्तरातील कर्करोगपूर्व बदल : वेळीच ओळख, वेळीच उपाय

निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. बेळगावपर्यंतच्या पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ या पिकाशी निगडित आहे. विडीच्या धुराने फुफ्फुसास अपाय होतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु तोच धूर जठराच्या कर्करोगाचा धोकाही वाढवितो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. पोटात जळजळ झाली की संकेश्वरी मिरचीला बोल लावून चिमूटभर सोडा घेतला जातो व मूळ दुखणे तसेच राहते.

जठराचा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. प्रथम अस्तरास दीर्घकाळ सूज राहते; पुढे ते झिजून पातळ होते; नंतर तेथील पेशी आतड्यातील पेशींसारखे रूप धारण करतात आणि काही रुग्णांत त्यांची रचना बिघडू लागते. या क्रमास कित्येक वर्षे लागतात व बहुसंख्य रुग्णांत तो कर्करोगापर्यंत पोचत नाही. म्हणून अहवालात असे बदल आढळल्यास धीर सोडू नये. तसेच त्यांची उपेक्षाही करू नये.

या सुजेचे प्रमुख कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होय. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढविला. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची लागण बहुधा बालपणीच, घरातील निकट सहवासातून होते. धूम्रपान व अतिशय खारवलेले पदार्थ धोक्यात भर घालतात.

निदानासाठी दुर्बिणीने जठर पाहून अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासतात. जंतू आढळल्यास जंतुनाशक व आम्लशामक औषधे सामान्यतः १४ दिवस देतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत. तसे केल्यास जंतू उरतात व पुढे औषधांना दाद देत नाहीत. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करावी. अस्तरातील बदल विस्तृत असल्यास सुमारे तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण तपासणी सुचविली जाते. पेशींची रचना फार बिघडली असल्यास तेवढा भाग बहुधा दुर्बिणीतूनच काढता येतो.

वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा किंवा अकारण रक्तक्षय आढळल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे. ज्यांच्या आईवडिलांस वा भावंडांस हा रोग झाला असेल, त्यांनी तक्रार नसतानाही वैद्यकीय सल्ला घ्यावा. शिक्षक व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी पोचविल्यास अनेकांचे प्राण वाचतील.