खुर्ची आडवी करण्याआधी

दात घासायचे तर आधी ब्रश हातात धरता यायला हवा. कुष्ठरोगानं हाताच्या नसा मेल्या की बोटं आत वळतात, चिमूट जमत नाही आणि बाजारातला पातळ दांड्याचा ब्रश निसटून पडतो. त्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं की तोच ब्रश मुठीत घट्ट बसतो. खर्च किरकोळ. पण हे सुचवणारा दंतवैद्य भेटायला हवा, आणि त्यालाही ते कुणीतरी शिकवलेलं असायला हवं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू केलेल्या महारोगी सेवा समितीचं हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुष्ठरोग म्हटला की आपल्याला हात-पाय आठवतात, तोंड आठवत नाही. उपचार उशिरा मिळाले तर वरच्या समोरच्या दातांना धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. चेहऱ्याची संवेदना गेली असेल तर गाल चावला तरी कळत नाही. कवळी बसवून दिली, छान झालं. पण वळलेल्या बोटांनी ती रोज काढायची आणि धुवायची कशी? हा प्रश्न कवळीचं माप घेताना पडला पाहिजे, ती दिल्यावर नव्हे.

‘विशेष गरजा असलेले रुग्ण’ म्हटलं की दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यासमोर डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशी नावं येतात. ती बरोबरच आहेत. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत, सिकलसेलचे रुग्णही आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीची यादी माझ्या मते या दोघांपासून सुरू व्हायला हवी.

सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी घटलं, थंडी वाजली किंवा जंतुसंसर्ग झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं ठणकू लागतात. म्हणजे दाढेखालचा साधा पू हा या रुग्णाच्या बाबतीत फक्त दाढेचा प्रश्न राहत नाही, सगळ्या अंगाला वेदनेच्या झटक्यात ढकलू शकतो. उलटही घडतं. जबड्याच्या हाडाचाच रक्तपुरवठा अडला तर दुखणं हुबेहूब दाढदुखीसारखं वाटतं, कधी खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. दाढ मात्र निरोगी असते. ज्याला हे माहीत नाही तो चांगली दाढ उपटून हातात देतो, आणि दुखणं जागच्या जागी राहतं. ज्याला माहीत आहे तो आधी सिकलसेलचं कार्ड मागतो, पाणी पाजतो, एसी बंद करतो, सकाळची वेळ देतो आणि काम छोट्या-छोट्या बैठकांत उरकतो. वेदनाशामक लिहिण्यापूर्वी मूत्रपिंडाची चौकशी करतो. यातल्या कशालाच महागडं यंत्र लागत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल तर खुर्ची झटक्यात आडवी करायची नाही. तोल गेल्यासारखं वाटून अंग ताठरतं आणि जबडा आपोआप मिटतो, मग डॉक्टरचं बोट आत असो की आरसा. गुडघ्यांखाली उशी द्यायची, डोकं मधोमध ठेवायचं. लहान मूल असेल तर खुर्चीच नको. आई आणि डॉक्टर समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघा लावून. मुलाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं डॉक्टरच्या मांडीत. आईचा चेहरा मुलाला दिसत राहतो. हे अंगणातल्या दोन स्टुलांवर होतं. अंध मुलाला आरसा आधी हातात द्यायचा. कर्णबधिर मुलाशी बोलताना मास्क खाली घ्यायचा, कारण ते ओठ वाचतं, आणि ड्रिल सुरू करण्याआधी त्याला श्रवणयंत्र बंद करायला सांगायचं.

जाता जाता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, याबद्दल. तो चघळून चघळून तोंडाचं आतलं आवरण ताठ होतं आणि दोन बोटंही आत शिरत नाहीत. याला कुणी विशेष गरज म्हणत नाही, पण अशा तोंडातली अक्कलदाढ काढून बघा!

आपल्याकडे बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. दिव्यांगांच्या दातांचा विषय मुख्यतः बालदंतरोग विभागात शिकवला जातो. म्हणून तीस वर्षांचा डाऊन सिंड्रोमचा माणूस अधांतरी राहतो: बालविभागाला तो मोठा, बाकीच्यांना अवघड. ब्रिटननं २००८ मध्ये ही स्वतंत्र शाखा मानली. भारतात २०२३ च्या कायद्यानं दंत परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणायचं ठरलं. अभ्यासक्रम हलवायची वेळ हीच. पण नुसतं प्रकरण वाढवून भागणार नाही. इंटर्ननं एक महिना आनंदवनात, सिकलसेलच्या ओपीडीत, भामरागडच्या शिबिरात काढावा. तेव्हा त्याला अंतरही कळेल: भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं तोंड दुरुस्त करायचं तर एवढा प्रवास, सोबत आई, बुडालेली मजुरी. आणि डॉक्टरची मराठी माडिया बोलणाऱ्या आजीला कळत नाही, ते वेगळंच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं शोधग्रामात दवाखाना उभारला तो झोपड्यांच्या वळणाचा, सोबतच्या माणसांना राहता येईल असा. नाव दिलं माँ दंतेश्वरी. दंतेवाड्याची ही देवी. तिथं सतीचा दात पडला अशी आख्यायिका. नावाचा दंतोपचाराशी संबंध नाही, पण रुग्णानं बदलण्याआधी दवाखान्यानं बदलावं, हा धडा दातांच्या डॉक्टरनं इथूनच उचलावा.

जंगलातल्या गावात कामी येतं ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. सुई नाही, ड्रिल नाही, वीज नाही. किडलेला दात कोरडा करून बारीक ब्रशनं एक थेंब लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. कीड बहुतेक वेळा थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. नसेपर्यंत गेलेल्या, पू झालेल्या दाताला ते चालत नाही. शिवाय किडलेला भाग कायमचा काळा पडतो. ‘ताई, इथं काळा डाग राहील, तो धुतल्यानं जाणार नाही,’ हे लावण्याआधी सांगायचं. लावल्यावर सांगितलं तर पुढच्या शिबिराला ती पोराला घेऊन येत नाही.