३८७ पैकी ३०९

अकरा जणांच्या संघाने ३८७ धावा केल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्याने. उरलेले दहा फलंदाज आणि अवांतर धावा मिळून ७८. टक्केवारी काढली तर ७९.८ येते. डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना, हिंदू विरुद्ध 'रेस्ट'. फलंदाजाचं नाव विजय सॅम्युएल हजारे, जन्म सांगलीचा, धर्म ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट'मध्ये. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन या चार संघांत न बसणाऱ्यांची सोय त्या पाचव्या संघात लावलेली होती.

त्याच डावात एक भागी ३०० धावांची झाली. दुसऱ्या टोकाला सख्खा भाऊ विवेक होता. तीनशेत विवेकचा वाटा किती? २१. भाऊ उभा राहिला, एवढंच विजयरावांना हवं होतं.

सुरतेत क्रिकेटवर वाद घालायला निमित्त लागत नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. तिथे चहाच्या टपरीवर अहिराणी, मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात नांदतात आणि वादाचा विषयही ठरलेला असतो: सर्वांत मोठा कोण? सचिन की विराट, गावस्कर की द्रविड. हजारेंचं नाव त्या वादात सहसा निघत नाही. ज्या बडोद्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, ते इथून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. सुरतेचा स्वतःचा कसोटीपटू विचाराल तर रुसी सुरती, १९३६ साली याच गावात जन्मलेले. ते २६ कसोट्या खेळले, ऑकलंडला ९९ वर बाद झाले आणि कसोटी शतक शेवटपर्यंत राहून गेलं. तेही आज टपरीवरच्या पोरांना ठाऊक नाहीत. तेव्हा हजारेंनी रुसून बसायचं कारण नाही.

बरं, हे गाव मोजमापाचं. हिऱ्याचं मोल वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू या चार गोष्टींवर ठरतं आणि चारही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हे हिराबाजारातल्या नवख्यालाही कळतं. वजनाला भारी खडा रंगात मार खातो. फलंदाजाची प्रतवारी मात्र आपण एकाच मापाने उरकतो. एक तर एकूण धावा, नाहीतर सरासरी.

ही खोड आपलीच आहे असं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारून समोरच्या भिंतीत घुसणारा गडी असतो, त्याला रनिंग बॅक म्हणतात. तिथे वर्षानुवर्षं हाच तंटा चालू आहे. एमिट स्मिथने १५ हंगामांत १८,३५५ यार्ड कापले, तो विक्रम अजून उभा आहे. जिम ब्राउन नऊच हंगाम खेळला, ११८ सामन्यांत १२,३१२ यार्ड, म्हणजे सामन्यामागे १०४.३. नऊपैकी आठ हंगामांत तो पहिला होता, आणि तिशीत खेळ सोडून सिनेमात गेला. बॅरी सँडर्सची सरासरी ९९.८. क्रिकेटमधल्या ब्रॅडमनच्या कसोटीतल्या ९९.९४ च्या शेजारी हा आकडा ठेवला की उगाच अंगावर काटा येतो, पण तो योगायोग आहे, बाकी काही नाही. मुद्दा असा की स्मिथला पहिलं बसवणारे एकूण मोजतात आणि ब्राउनला बसवणारे दर सामन्याचं मोजतात. पुढची फळी कुणाची किती भक्कम होती, हे दोघंही सोयीनुसार विसरतात.

आता हजारेंकडे, आणि आधी रीतसर वजन. प्रथम श्रेणीचे २३८ सामने, १८,७४० धावा, सरासरी ५८.३८, शतकं ६०. वर ५९५ बळी, तेही २४.६१ च्या सरासरीने. नुसत्या या बळींवर एखाद्या गोलंदाजाचं नाव निघालं असतं. हजारेंच्या बाबतीत ते तळटीपेत जातात. देवासच्या महाराजांनी त्यांना शिकवायला ऑस्ट्रेलियाचा थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट आणला होता. सिडनीच्या कसोटीत ब्रॅडमन १३ वर त्रिफळाचीत झाला आणि अ‍ॅडलेडला २०१ वर. दोन्ही वेळा चेंडू हजारेंचा होता.

शतकांचा दर काढला तर चित्र वेगळंच दिसतं. ब्रॅडमनचं दर दोन सामन्यांमागे एक शतक, २३४ सामन्यांत ११७. मुंबईच्या विजय मर्चंटचं ३.३ सामन्यांमागे एक. सचिनचं ३.८, हजारेंचं ४, गावस्करचं ४.३, द्रविडचं ४.४. म्हणजे हजारे सचिन आणि गावस्कर यांच्या मधोमध बसतात. इथेच वाद मिटवायला हरकत नव्हती, पण त्या काळच्या देशी धावांचं नाणं किती खरं होतं, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तपासायला गेलं की धक्के बसतात. मार्च १९४९, पुणे, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, रणजीचा उपांत्य सामना. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई पुन्हा ८ बाद ७१४, महाराष्ट्र ६०४. एका सामन्यात २,३७६ धावा! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याहून जास्त धावा कुठल्याच सामन्यात झालेल्या नाहीत. तीनच महिने आधी, त्याच पुण्यात, कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ होत्या आणि ब्रॅडमनच्या ४५२ च्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी होत्या. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी मैदानात उतरायलाच नकार दिला. निंबाळकरांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे.

तर खेळपट्ट्या अशा होत्या, गोलंदाजाचं थडगं म्हणाव्यात अशा. मर्चंटची रणजीतली सरासरी ९८.७५ आणि एकूण प्रथम श्रेणीतली ७१.६४. ब्रॅडमनच्या ९५.१४ नंतर दुसरा नंबर लावतात तो याच आकड्याच्या जोरावर. त्या आकड्यातून खेळपट्टीचा हिस्सा वजा केला, तर काय उरतं?

मर्चंट आणि हजारे या दोघांना एकाच कसोटीवर घासून पाहता येतं, आणि ती कसोटी शब्दशः कसोटी क्रिकेटच आहे. मर्चंट दहा कसोट्या खेळले, सगळ्या इंग्लंडविरुद्ध, सरासरी ४७.७२. हजारे तीस खेळले, सरासरी ४७.६५. प्रथम श्रेणीत तेरा धावांची दरी होती, कसोटीत ती सात शतांश धावेवर आली. शिवाय हजारेंनी हे तिप्पट सामन्यांत टिकवलं आणि ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉल-मिलर या जलद जोडीसमोर टिकवलं. मर्चंट प्रकृतीमुळे ऑस्ट्रेलियाला गेलेच नाहीत. १९३६ ते १९४६ भारताची एकही कसोटी झाली नाही, युद्धाने दोघांचीही उमेदीची वर्षं खाल्ली. हजारेंनी पहिली कसोटी खेळली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

एक फुकटची तुलना टपरीवाल्यांसाठी: विराट कोहली १२३ कसोट्यांनंतर निवृत्त झाला, सरासरी ४६.८५.

पण मला सरासरीपेक्षा वाटा हे माप जास्त पटतं. खेळपट्टी पाटा असली तर ती बाकीच्या दहांसाठीही पाटाच असते. १९४३ च्या त्या सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०, म्हणजे ४३ टक्के. निंबाळकरांचा ४४३ चा वाटा ५३.६ टक्के. ब्रॅडमनच्या ४५२ चा, ७६१ पैकी, ५९.४. कसोटीत पूर्ण डावातला सर्वांत मोठा वाटा चार्ल्स बॅनरमनचा, इतिहासातल्या पहिल्याच कसोटीत २४५ पैकी १६५, म्हणजे ६७.३. हजारेंचे ७९.८ या सगळ्यांच्या वर जातात. त्याहून मोठं उदाहरण शोधायला १९७७ च्या स्वानसीला जावं लागतं: वूस्टरशायरच्या १६९ पैकी ग्लेन टर्नरच्या १४१, म्हणजे ८३.४ टक्के. पण १४१ आणि ३०९ हे एका पंक्तीला बसवायचे तर जरा सरकून बसावं लागेल. पहिल्या डावातही 'रेस्ट'च्या १३३ मध्ये हजारे ५९ होते. दोन्ही डाव मिळून ५२० पैकी ३६८. एवढं करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

या मापातही खोट आहे, नाही असं नाही. संघ जितका दुबळा, तितका एकट्याचा वाटा फुगतो, आणि 'रेस्ट' हा दुबळाच संघ होता. म्हणून एकदा भक्कम संघातले हजारे बघावे लागतात. मार्च १९४७, बडोदा, रणजीचा अंतिम सामना. समोर मुश्ताक अलींचं होळकर, जे २०२ मध्ये आटोपलं. बडोदा ३ बाद ९१ असताना हजारे आणि गुल मोहम्मद एकत्र आले आणि वेगळे झाले तेव्हा भागी ५७७ ची होती. ५३३ मिनिटं, म्हणजे जवळपास नऊ तास. गुल ३१९, हजारे २८८, बडोदा ७८४, विजय एक डाव आणि ४०९ धावांनी. कुठल्याही जोडीची जगातली ही सर्वांत मोठी भागी २००६ पर्यंत टिकली. मग संगकारा आणि जयवर्धने यांनी कोलंबोत ६२४ केल्या. रणजीतला विक्रम २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी नाबाद ५९४ करून मोडला. २०२४ मध्ये गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी पर्वरीला तो नाबाद ६०६ वर नेला. गोव्यापुढे अरुणाचल प्रदेश होतं, ते ८४ मध्ये बाद झालं होतं. हजारेंपुढे होळकर होतं, चाळिशीच्या दशकातला देशातला सर्वांत दबदब्याचा संघ. या दोन आकड्यांना एकच भाव मिळू नये.

आणि मग अ‍ॅडलेड. जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलिया ६७४, ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८. उत्तरादाखल भारत ३८१, त्यात हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फॉलोऑननंतर भारत २७७, हजारे १४५. रे लिंडवॉलने ३८ धावांत सात बळी घेतले त्या डावात. २७७ पैकी १४५ म्हणजे ५२ टक्के, आणि समोर जगातला सर्वांत जलद मारा. सामना भारताने एक डाव आणि १६ धावांनी गमावला. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे पहिले भारतीय. दुसरा मिळायला १९७१ उजाडावं लागलं, सुनील गावस्कर, पोर्ट ऑफ स्पेन, १२४ आणि २२०.

१९५२ च्या लीड्स कसोटीचं फार लांबवत नाही. दुसऱ्या डावात भारताच्या धावा शून्य आणि बळी चार गेले होते, इंग्लंडचा जलद गोलंदाज ट्रुमन पहिलीच कसोटी खेळत होता. कर्णधार हजारे मैदानात आले आणि ५६ करून गेले. पहिल्या डावात त्यांच्या ८९ होत्या, विजय मांजरेकरच्या १३३. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मद्रासला, त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, एक डाव आणि आठ धावांनी. पहिल्या कसोटीनंतर वीस वर्षांनी. तिथे खरा मानकरी विनू मंकड, १२ बळी, हेही सांगायला हवं. हजारेंचा स्वभाव कर्णधाराचा नव्हता असं अनेक जाणकारांनी म्हटलंय, आणि मलाही ते खरं वाटतं. १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

नियतीचा विनोद पुढे आहे. तासन्‌तास घाम गाळून धावा जमवणाऱ्या या माणसाच्या नावाने आपण पन्नास षटकांची स्पर्धा ठेवली आणि होळकरच्या मुश्ताक अलींच्या नावाने वीस षटकांची. मुश्ताक अलींना ते शोभतं. त्यांच्या नावाच्या चषकाचा २०१९ चा अंतिम सामना इथे सुरतेतच, लालाभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर झाला. १ डिसेंबरला कर्नाटकाने १८० केल्या, तमिळनाडूने १७९. एका धावेने निकाल लागला. दिवसभर खेळून अडीचशे करणाऱ्या मंडळींना हा हिशेब पाहून चक्करच आली असती.

तर प्रतवारी. भारतीय कसोटी फलंदाजांची माझी यादी अशी: सचिन पहिला, गावस्कर दुसरा, द्रविड तिसरा, हजारे चौथे, मर्चंट पाचवे. हजारेंना मर्चंटच्या वर बसवलं म्हणून मुंबईकर चिडतील, ७१.६४ चा आकडा तोंडावर फेकतील. फेकू द्या. पण हुज्जत घालायला याल तेव्हा पुण्या-मुंबईच्या पाटा खेळपट्ट्यांचे हिशेब घरी ठेवा आणि अ‍ॅडलेडचा धावफलक बरोबर आणा.