कुप्याच्या आधी ओपेलू

जागतिक टूना दिनाच्या, म्हणजे २ मेच्या आसपास चर्चा होते ती कोटा, मोठी जहाजं आणि मैलोनमैल जाळ्यांची. ती व्हायलाच हवी. पण याच टूनामागे, म्हणजे आपल्या कुप्यामागे, एकटादुकटा माणूस कयाक वल्हवत जातो, तेव्हा त्याचं यश ठरतं ते वीतभर आमिषाच्या जिवावर. फोटोत मात्र दिसतो फक्त मोठा मासा.

हवाईच्या कोना किनाऱ्यावर ज्वालामुखीचा उतार थेट पाण्यात घुसतो. दोन-तीन किलोमीटरवर तळ शेकडो मीटर खाली, म्हणून पिवळ्या पराचा टूना, तिथला ‘आही’, वल्ह्याच्या टप्प्यात येतो. मुंबईसमोर उथळ भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. इथून कयाकने खोल पाणी गाठणं अशक्यच.

पहिली अडचण वेगाची. मोटारबोट ७-८ नॉटने कृत्रिम आमिष ओढते, तेव्हा ते पळत्या माशासारखं थरथरतं. वल्हवणाऱ्याचा वेग २-३ नॉट. त्यात ते रंगीत प्लास्टिक निर्जीवच दिसतं. म्हणून लागतो जिवंत ओपेलू, बांगड्याच्या अंगलटीचा मासा. पहाटे बारीक गळांची माळ सोडून तो आधी पकडायचा. कोरड्या हाताने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा टिकत नाही. बादलीतही तो गुदमरतो, कारण त्याला सतत वाहतं पाणी लागतं. मग भोकं पाडलेली नळी कयाकमागे ओढतात आणि त्यात तो ठेवतात. वल्हं थांबलं की नळीतलं पाणीही थांबतं. गळ नाकपुडीतून घालायचा, म्हणजे ओढला जातानाही तो सरळ पोहतो.

दक्षिण कोनातल्या मिलोलीई गावाची पद्धत मला या सगळ्या साधनांहून मोलाची वाटते. तिथले कोळी ठरावीक जागी ओपेलूच्या थव्यांना तारो, भोपळा, पपई असं वनस्पतींचं खाद्य घालत आले. मांसाचं खाद्य टाकलं की शार्क आणि इतर शिकारी मासे गोळा होतात आणि थवा उधळतो. आधी पोसायचं, मग मोजकं काढायचं. २००५ मध्ये गावासमोरच्या समुद्राला सामुदायिक उपजीविका मासेमारी क्षेत्राचा दर्जा मिळाला. नियम यायला मात्र २०२२ उजाडलं. आमिषाच्या माशाची अशी काळजी घेणाऱ्या गावाला इतकी वाट पाहायला लागू नये.

मासा लागला की कसोटी दोरीची. कुप्याची नजर तीक्ष्ण. गळाजवळचा पारदर्शक तंगूस जाड घेतला तर तो आमिषाला तोंड लावत नाही, बारीक घेतला तर तोडतो. पहिल्या धावेत कयाकच फरफटत जातं आणि ते बरंच असतं, कारण मासा दमतो. पण नंतर तो सरळ खाली डुबकी मारतो. तेव्हा ओढ नाळेवरून, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकावरून, यायला हवी; बाजूने आली आणि रिळाचा ब्रेक घट्ट असला, तर कयाक उलटतं. रक्ताच्या वासाने शार्क आला की अर्धाच मासा हाती लागतो.

आणि बर्फ! कुपा अंगातली उष्णता धरून ठेवतो, झुंजीत आणखी तापतो. लगेच रक्त काढून बर्फाच्या पाण्यात घातला नाही, तर मांस फिकट, भुसभुशीत होतं. उबेत राहिला तर हिस्टामिनची विषबाधाही होऊ शकते. कयाकवर जागा कमी, म्हणून बर्फाची पिशवी आधी बसवावी आणि उरलेल्या जागेत गळकाठ्या. पिशवीत एक मासा मावत असेल, तर दुसऱ्यासाठी गळ टाकू नये.