अडलेल्या वेतातील वासराचा श्वास

भातसा नदीकाठच्या सापगाव परिसरात, तसेच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील इतर गावांत, भातशेतीबरोबर गाई-म्हशी पाळल्या जातात. जनावर विताना अडले व वासरू ओढून काढावे लागले, तर ते पुष्कळदा निपचित पडते. त्यास मेलेले समजून टाकून देऊ नये. छातीचे ठोके चालू असल्यास त्वरित उपचाराने ते वाचू शकते.

गर्भाशयात वासरास प्राणवायू नाळेवाटे मिळतो व कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बाम्ल वायू, त्याच वाटेने बाहेर जातो. वेत लांबल्यास नाळ दाबली जाते. जन्मानंतरही श्वास नीट चालला नाही, तर हा वायू रक्तात साठून त्याचे आम्ल बनते. निरोगी रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो. तो फार उतरला की वासरू सुस्त होते व श्वास अधिकच क्षीण होतो. यासच श्वसनजन्य आम्लता म्हणतात.

आम्लावर उतारा म्हणून खाण्याचा सोडा पाजण्याचा मोह टाळावा. सोड्यापासून शरीरात पुन्हा तोच वायू निर्माण होतो. शिवाय निपचित वासरास काहीही पाजल्यास ते फुप्फुसांत जाण्याचे भय असते. श्वास चालू करणे हाच येथे मुख्य उपचार होय. त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे :

१. नाकातोंडातील चिकट स्राव बोटांनी त्वरित काढावा.
२. वासरास छातीवर, पाय पोटाखाली घेऊन बसवावे. म्हणजे दोन्ही फुप्फुसे फुलतात. मागील पाय धरून उलटे टांगून ठेवू नये. पोटातील आतड्यांचा भार फुप्फुसांवर पडतो.
३. नाकपुडीत स्वच्छ काडी हळूच फिरवावी व डोक्यावर थोडे थंड पाणी टाकावे.
४. कोरड्या पेंढ्याने अथवा गोणपाटाने अंग जोराने चोळावे. पावसाळ्यात गोठा ओला असल्यास कोरडे अंथरूण आधीच तयार ठेवावे.

पंधरा मिनिटांत वासरू आपणहून छातीवर बसले नाही, तर धोका समजून पशुवैद्यकास बोलवावे. त्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. मुळात वेत अडल्याचे दिसताच पशुवैद्यकास कळविणे अधिक श्रेयस्कर.

श्वास स्थिर होऊन वासरू चोखू लागताच, शक्यतो पहिल्या दोन तासांत, त्यास चीक पाजावा. अशी वासरे आपणहून कमी पितात. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यास भेट देऊन वासरू पोटभर पिते की नाही, हे अवश्य पाहावे.