मालवणच्या समुद्रात डोकावताना



आपल्या मलकपेठेतून कोणत्याही दिशेला निघालो तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मुसी नदी आणि हुसेनसागर एवढेच आपल्या ओळखीचे पाणी. त्यामुळे सुट्टीत कोकणात जायचे ठरताच आमच्या मंडळीतल्या मुलांनी एकच हट्ट धरला, "पाण्याखालचे मासे बघायचे!" पुणे, कोल्हापूर असे मुक्काम करत, घाट उतरून आम्ही मालवणला पोहोचलो. तिथे जे पाहिले आणि शिकलो, ते थोडक्यात सांगत आहोत.

मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला, हे आपण इतिहासात वाचतो. पण या किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. १९८७ साली इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करता येते.

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे तरंगणे. मुखवटा कशाला, असे मुलांनी विचारले. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. हवेतून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतात आणि चित्र स्पष्ट उमटते. पाण्यातून शिरताना ते फारसे वाकत नाहीत, म्हणून सगळे धूसर दिसते. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवेचा थर राहतो. मात्र मासा खरा असतो त्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश मोठा दिसतो. तेव्हा घरी येऊन "एवढा मोठा मासा पाहिला!" असे सांगताना जरा बेताने सांगावे!

दुसरा प्रश्न होता, नळी चांगली दोन मीटर लांब का नसते? त्याला दोन कारणे आहेत. एक मीटर खोलीवर शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका जादा दाब पडतो, त्यामुळे छाती फुगवणे जड जाते. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाची हवा साठून राहते आणि पुन्हा तीच आत येते. म्हणून नळी वीतदीडवीतच असते.

पहिल्या दिवशी मात्र आम्हांला पाण्यात उतरताच आले नाही. ठरवलेल्या होडीत मुलांच्या मापाची जीवनरक्षक जाकिटे नव्हती. "पाणी कमीच आहे, काही होत नाही," असे उत्तर मिळाले. मुले रडवेली झाली, थोडी वादावादी झाली, पण आम्ही परत फिरलो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता, ते आमच्या लक्षात होते. एक सकाळ वाया गेली त्याचे दुःख नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी होडी केली. नावाडीकाकांनी प्रत्येकाचे जाकीट स्वतः ओढून पाहिले आणि बजावले, "पाय खाली टेकू नको रे बाबू, खाली जीव आसत."

त्याचा अर्थ पाण्यात तोंड घातल्यावर कळला. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ती असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळांना देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. असे दीर्घकाळ राहिले तर ते मरतात. प्रवाळांच्या काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तुमच्या एका पावलाखाली मोडलेला तुकडा कदाचित तुमच्याहून वयाने मोठा असेल! आमच्यातल्या एकाने किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा खिशात टाकला होता. कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे, हे समजल्यावर त्याने तो मुकाट्याने परत ठेवला.

संध्याकाळी आम्ही भोगव्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे गर्दी नव्हती, गाणी नव्हती. लाटा ऐकत सगळे तासभर गप्प बसलो. शहरात वाढलेली आमची मुले एवढा वेळ आपणहून शांत बसलेली आम्ही प्रथमच पाहिली.

तुम्ही गेलात तर एवढे लक्षात ठेवा :

१. पोहता येत असले तरी जाकीट घालाच. मापाचे नसेल तर होडीत चढू नका.
२. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा बेत करू नका. एरवीही भरती-ओहोटीबाबत स्थानिकांचा शब्द अखेरचा माना.
३. एकट्याने उतरू नका. जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका.
४. प्रवाळांवर उभे राहू नका, काही तोडू नका, उचलू नका.
५. माशांना पाव-बिस्किटे घालू नका. ते त्यांचे अन्न नव्हे.
६. पाठीला ऊन लागते, तेव्हा अंगभर कपडे घाला.

समुद्र आपल्यापासून दूर असला तरी परका नाही. पाहुण्यासारखे जावे, डोळे भरून पाहावे आणि जसे होते तसेच ठेवून यावे. जाण्याआधी पोहायला मात्र इथेच, हैदराबादेत शिकून घ्या!