फोमच्या पोटातली तिरकी भेग

काचतंतूंच्या दोन पातळ, कडक आवरणांमध्ये पीव्हीसी फोमचा जाड थर चिकटवला की सँडविच तुळई तयार होते. शर्यतीच्या होड्या आणि पवनचक्कीची पाती यांत हीच रचना वापरतात. आवरणे एकमेकांपासून जितकी दूर, तितका ताठपणा जास्त. वजन मात्र फारसे वाढत नाही.

ही तुळई मोडते कशी, ते पाहण्यासारखे आहे. दोन टेकूंवर ठेवून मध्यभागी भार वाढवत नेला, की वरचे आवरण दाबले जाते, खालचे ताणले जाते आणि फोमवर कातरताण येतो. त्यामुळे फोम तिरका ओढला जातो. भेग या ओढीला काटकोनात, साधारण ४५ अंशांत उघडते, आवरणापाशी पोचताच वळते आणि जोडालगत धावत सुटते. सुटलेल्या आवरणाला आतून फोमचा पातळ थर चिकटलेला दिसला, तर गोंद पक्का होता, फोमच फाटला असे समजावे.

लांब तुळईत बहुधा दाबलेले आवरणच आधी चुरगळते. मऊ फोम असेल तर भाराखाली खड्डा पडतो.

मला सर्वांत धोक्याची वाटते ती आतली भेग, कारण बाहेरून आवरण शाबूत दिसते. म्हणूनच तपासनीस छोट्या हातोडीने ठोकत जातात. आवाज बद्द आला, की तिथे आवरण सुटल्याची शंका घेतात.